हेडफोन व निर्वात नलिका विवर्धक

हेडफोन व निर्वात नलिका विवर्धक : दोन्ही कानांवर बसवून एकट्याने ऐकण्याचे ध्वनिसाधन म्हणजे हेडफोन होय. निर्वात केलेल्या काचेच्या नळीतील इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर नियंत्रण ठेवून दुर्बल विद्युत् संकेत सबळ करणाऱ्या साधनाला निर्वात नलिका विवर्धक म्हणतात. अशा नलिकेला भारतात ब्रिटिश वहिवाटीनुसार ‘व्हॉल्व्ह’ हे नाव रूढ आहे, तर अमेरिकेत तिला ‘ट्यूब’ म्हणतात. ही दोन साधने विसाव्या शतकाच्या आरंभी एकत्र आली, ध्वनिक्षेपकाच्या प्रसारानंतर दुरावली आणि ट्रँझिस्टरने नलिकेला बाजारातून जवळजवळ हद्दपार केल्यावर, उच्च प्रतीच्या संगीतश्रवणासाठी पुन्हा एकत्र आली. या जोडीचा इतिहास प्रामुख्याने विद्युत् संरोधाच्या जुळणीचा इतिहास आहे. प्रत्येक काळातील हेडफोनाचा संरोध त्या काळी त्याला संकेत पुरविणाऱ्या साधनाने ठरविलेला दिसतो. हे लक्षात न घेता केलेली महागडी जोडीही निकृष्ट ठरते आणि ते लक्षात घेतल्यास साधी जोडीही समाधान देते.

प्रारंभ : कानाशी धरावयाचा ध्वनिग्राही दूरध्वनीबरोबर आला. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्यांनी तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर दूरध्वनीचे अनेक प्रेषक बसवून त्यांचा ध्वनी प्रदर्शनस्थळी आणला. श्रोत्याने दोन कानांना दोन वेगवेगळे ग्राही लावले असता गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला उभा आहे, हे त्याला कळत असे. दोन कानांनी दिशाज्ञानासह ऐकण्याचा हा पहिला मोठा जाहीर प्रयोग मानला जातो. त्यातून पुढे १८९० मध्ये पॅरिसमध्ये ‘थिएत्रोफोन’ ही वर्गणीदारांसाठीची सेवा सुरू झाली. लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ ही तशीच सेवा १८९५ पासून चालू झाली. १८९१ मध्ये एर्नेस्त मर्काद्ये यांनी कानात बसतील अशा लहान दूरध्वनी ग्राहींचे एकस्व मिळविले. या सर्व साधनांत विवर्धन मुळीच नव्हते. प्रेषकापाशी निर्माण झालेली ऊर्जा तारेतून येताना जितकी उरेल तितक्याच ऊर्जेवर पातळ लोखंडी पटल कंप पावे. त्यामुळे ग्राही शक्य तितका संवेदनशील असणे, हाच त्याच्या गुणवत्तेचा एकमेव निकष होता.

हाच निकष बिनतारी संदेशवहनात अधिक कठोर झाला. अमेरिकेतील यूटा राज्याचे नथॅनिएल बॉल्डविन यांनी १९१० च्या सुमारास स्वतःच्या घराच्या स्वयंपाकघरात दोन ग्राहींचा, डोक्यावर बसणारा जोड तयार करून अमेरिकन नौदलाकडे पाठविला. चाचणीत तो तोवरच्या ग्राहींपेक्षा फार संवेदनशील ठरला व नौदलाने त्याची मागणी नोंदविली. दोन कर्णपात्रे व त्यांना जोडणारा पट्टा, हे हेडफोनाचे आजचे स्वरूप येथून स्थिर झाले.

याच सुमारास स्फटिक ग्राहीचा प्रसार झाला. शिशाचे सल्फाइड असलेल्या गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाचा विद्युत् तरंगांचा शोधक म्हणून उपयोग करण्याचे एकस्व जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकेत मिळाले होते. स्फटिक ग्राहीला विद्युत् घटाची गरज नसे. आकाशकाने पकडलेल्या तरंगांची अत्यल्प शक्तीच हेडफोनाला पुरवावी लागे. ती वाया जाऊ नये म्हणून हेडफोनाच्या वेटोळ्यांत अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे देत आणि त्यांचा रोध साधारणपणे २,००० ते ४,००० ओहम असे. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा केंद्राच्या जवळपासच्या श्रोत्यांना स्फटिक ग्राही व हेडफोन एवढी सामग्री पुरेशी होती. लांबच्या श्रोत्यांना मात्र नलिकांचा ग्राही घ्यावा लागे.

त्रिप्रस्थ नलिका व पहिली जोडी : तापलेल्या तंतूकडून निर्वातातून धन पट्टिकेकडे विद्युत् प्रवाह जातो, ही गोष्ट टॉमस एडिसन यांनी १८८३ मध्ये नोंदविली होती. तिचा उपयोग करून जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ नलिका बनविली. पाण्याच्या नळातील झडपेप्रमाणे ती प्रवाह एकाच दिशेने जाऊ देई, म्हणून तिला ‘व्हॉल्व्ह’ हे नाव मिळाले. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६–०७ मध्ये ऋणाग्र व धनाग्र यांच्यामध्ये तारेची जाळी बसविली. या जालकाग्रावरील विद्युत् दाबातील किंचित बदलाने धनाग्राच्या प्रवाहात मोठा बदल होतो, हेच नलिकेच्या विवर्धनाचे तत्त्व होय. डी फॉरेस्ट यांच्या ‘ऑडिऑन’ नलिकेत थोडा वायू शिल्लक राहत असल्याने तिचे कार्य लहरी होते. हॅरल्ड आर्नल्ड व अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१३ च्या सुमारास उच्च निर्वात वापरून ती विश्वसनीय केली. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रॅन्सिस्को ही दूरध्वनी वाहिनी अशा विवर्धकांच्या साहाय्यानेच खुली झाली.

प्रारंभीच्या नलिका ग्राहीत हेडफोन थेट धनाग्राच्या मंडलात जोडीत. नलिकेचा अंतर्गत रोध काही हजार ओहम आणि हेडफोनाचा संरोधही त्याच प्रमाणात असल्याने त्यांमध्ये रोहित्राची आवश्यकता नव्हती. नलिका व हेडफोन यांची ही पहिली जोडी अशी नैसर्गिक होती. मात्र धनाग्राला मिळणारा घटमालेचा दाब, बहुधा २२·५ ते ९० व्होल्ट, हेडफोनाच्या वेटोळ्यांतूनच जात असे. म्हणजे श्रोत्याच्या कानाशी उघड्या टोकांवर तेवढा दाब असे. ध्वनीची प्रतही बेताचीच होती. लोखंडी पटलाचे अनुस्पंदन मानवी वाणीच्या कंप्रताव्याप्तीत येत असल्याने शब्द स्पष्ट कळत, पण वाद्यांचा मंद्र स्वर व स्वररंग हरवत असे.

दुरावा : १९२५ मध्ये चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला आणि सर्व कुटुंबाने एकत्र बसून रेडिओ ऐकण्याची सोय झाली. हेडफोन तारायंत्र केंद्रे, विमाने, जहाजे, दूरध्वनी केंद्रे व ध्वनिमुद्रणगृहे यांपुरता उरला. नलिका विवर्धकाचा पुढील विकास ध्वनिक्षेपकाला वॉटमध्ये मोजता येईल इतकी शक्ती पुरविण्याच्या दिशेने झाला. बर्नार्ड तेलेगेन यांनी १९२६ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत पंचप्रस्थ नलिका शोधली. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांनी ऋण प्रतिसंभरणाची कल्पना मांडली. विवर्धकाच्या प्रदानाचा काही भाग उलट करून आदानात मिसळल्यास विवर्धन घटते, पण विपर्यासही घटतो आणि विवर्धकाचा प्रदान संरोध कमी होतो. यातील शेवटचा परिणाम हेडफोनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

चित्रपटगृहांसाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये काढलेली ‘३००बी’ ही त्रिप्रस्थ नलिका पुढे संगीतरसिकांत विशेष मान्यता पावली. १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी प्रसिद्ध केलेला विवर्धक अत्यल्प विपर्यासामुळे आदर्श मानला गेला व अनेक देशांतील हौशी तंत्रज्ञांनी तो घरी बांधला. या सर्व विवर्धकांत नलिकेचा उच्च संरोध व ध्वनिक्षेपकाचा ४ ते १६ ओहम संरोध यांचा मेळ घालणारे प्रदान रोहित्र आवश्यक असे. ते जड व खर्चिक असून अतिमंद्र व अतितार कंप्रतांवर त्याचीच मर्यादा पडे. रोहित्र टाळण्यासाठी अमेरिकेतील ज्यूलियस फटरमन यांनी १९५० नंतरच्या दशकात रोहित्रविरहित मंडल विकसित केले. ध्वनिक्षेपकासाठी ते अवघड व उष्णताखाऊ ठरले. तथापि हेच तत्त्व पुढे हेडफोनासाठी फार सोयीचे ठरले.

हेडफोनाचा स्वतंत्र विकास : १९३७ मध्ये बर्लिन येथील ऑयगेन बायर यांच्या कंपनीने ‘डीटी ४८’ हा हलत्या वेटोळ्याचा पहिला हेडफोन तयार केला. यात लोखंडी पटलाऐवजी हलके पटल व त्याला चिकटविलेले वेटोळे असल्याने कंप्रतेची व्याप्ती वाढली. मात्र वेटोळे हलके ठेवावे लागल्याने वेढ्यांची संख्या घटली व संरोध पूर्वीच्या हजारो ओहमांवरून बराच खाली आला. त्यामुळे असा हेडफोन नलिकेच्या धनाग्राला थेट जोडता येईना. पहिल्या नैसर्गिक जोडीचा पाया येथे निखळला.

घरगुती संगीतश्रवणात हेडफोन परत आणण्याचे श्रेय अमेरिकेतील मिल्वॉकी शहराचे जॉन कॉस यांना दिले जाते. त्यांनी १९५८ मध्ये ‘एसपी/३’ हा त्रिमितध्वनी हेडफोन एका प्रदर्शनात मांडला. द्विमार्गी ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास बाजारात येत होत्या आणि दोन कानांना दोन स्वतंत्र मार्ग देणाऱ्या हेडफोनाने त्यांचा परिणाम विशेष उठून दिसे. जपानमधील स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास स्थिर विद्युत् तत्त्वावरील हेडफोन विक्रीस आणला. १९६८ मध्ये जर्मनीतील झेनहायझर कंपनीचा ‘एचडी ४१४’ हा मागून उघडा असलेला पहिला हेडफोन आला. कर्णपात्र बंद नसल्याने ध्वनी कोंडल्यासारखा वाटत नसे आणि वजनही फार कमी होते. १९७० नंतरच्या दशकात पातळ पापुद्र्यावर छापलेला संवाहक दोन चुंबकरांगांमध्ये कंप पावतो, अशा समतल चुंबकीय प्रकारचे हेडफोन इंग्लंडमध्ये व्हार्फडेल आणि जपानमध्ये यामाहा या कंपन्यांनी बनविले.

या काळात व्यावसायिक व उच्च प्रतीच्या हेडफोनांचे संरोध २०० ते ६०० ओहम, तर काहींचे २,००० ओहमपर्यंत असत. ६०० ओहम हे मूल्य दूरध्वनी वाहिन्या व नभोवाणी केंद्रे यांच्या प्रमाणातून आले होते. उच्च संरोधाचा हेडफोन चालू वाहिनीला समांतर जोडला, तरी तीवर फारसा भार पडत नसे. घरगुती विवर्धकांत हेडफोनासाठी स्वतंत्र मंडल क्वचितच असे. ध्वनिक्षेपकाच्या प्रदानातून काही शे ओहमांच्या रोधामार्फत संकेत घेऊन तो हेडफोनाला पुरवीत.

ट्रँझिस्टरचे युग : डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला. १९६० नंतरच्या दशकात घरगुती विवर्धकांतून नलिका झपाट्याने मागे पडली. ट्रँझिस्टरला तंतू तापवावा लागत नाही, त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने प्रदान रोहित्र लागत नाही आणि तो जागा, वजन व वीज या तिन्ही बाबतींत सरस आहे. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीचा ‘वॉकमन’ जपानमध्ये विक्रीस आला व हेडफोन रस्त्यावर आला. दोन लहान विद्युत् घटांच्या ३ व्होल्ट दाबावर चालणाऱ्या साधनातून जेमतेम १ व्होल्ट परिणामी संकेत मिळतो. तो ६०० ओहमच्या हेडफोनाला दिल्यास शक्ती सुमारे १·७ मिलिवॉट होते, पण ३२ ओहमच्या हेडफोनाला दिल्यास ती सुमारे ३१ मिलिवॉट होते. त्यामुळे १६ ते ३२ ओहम संरोधाचे हेडफोन सर्वत्र रूढ झाले. रेडिओच्या पहिल्या पर्वातील हजारो ओहम हा जसा नलिकेच्या धनाग्राचा ठसा होता, तसा ३२ ओहम हा खिशातील विद्युत् घटाचा ठसा होय.

पुनरागमन : नलिकेबद्दलची आस्था पूर्णपणे नष्ट मात्र झाली नाही. १९७० नंतर जपान व फ्रान्स येथील हौशी तंत्रज्ञांनी जुन्या त्रिप्रस्थ नलिकांचे कमी शक्तीचे विवर्धक पुन्हा बांधण्यास सुरुवात केली. ध्वनिक्षेपकासाठी ३ ते ८ वॉट शक्ती अपुरी पडे, पण हेडफोनाला तिचा अल्पसा अंशही पुरतो. उदाहरणार्थ, ३०० ओहम संरोधाचा व १ व्होल्ट संकेताला सुमारे १०३ डेसिबेल ध्वनिपातळी देणारा हेडफोन घेतल्यास ११० डेसिबेल या अत्युच्च क्षणिक पातळीसाठीही सुमारे २·२४ व्होल्ट, म्हणजे १७ मिलिवॉटच लागतात. नलिकेची जी उणीव होती, ती हेडफोनाच्या बाबतीत उणीव राहिली नाही.

१९९१ मध्ये झेनहायझर कंपनीने ‘ऑर्फिअस’ हा स्थिर विद्युत् हेडफोन व त्यासाठी खास बनविलेला नलिका विवर्धक असा एकत्रित संच सादर केला. असे सुमारे ३०० संचच तयार करण्यात आले. दोन्ही साधने एकमेकांसाठीच आखणे, हा त्यामागील विचार जोडीच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. स्थिर विद्युत् हेडफोनाला शेकडो व्होल्टांचा संकेत लागतो, प्रवाह मात्र अत्यल्प पुरतो. उच्च दाब व अल्प प्रवाह हे तर नलिकेचे उपजत वैशिष्ट्य होय. म्हणून या प्रकारात प्रदान रोहित्र न वापरता नलिका थेट हेडफोनाला जोडता येते आणि १९२० च्या सुमाराची जुनी नैसर्गिक जोडी वेगळ्या रूपात पुन्हा साधते. स्टॅक्स कंपनीच्या काही चालक विवर्धकांतही नलिकांचा उपयोग केलेला आढळतो. २०१५ मध्ये घोषित झालेल्या झेनहायझरच्या ‘एचई १’ या संचात संगमरवरी बैठकीवर आठ नलिका आहेत. मात्र त्याचा अंतिम विवर्धन टप्पा अर्धसंवाहकांचा असून तो कर्णपात्रातच बसविलेला आहे.

हलत्या वेटोळ्याच्या हेडफोनांतही १९९० नंतर ३०० ओहमचे ‘एचडी ६००’ (१९९७), ‘एचडी ६५०’ (२००३) व ‘एचडी ८००’ (२००९), तसेच बायरडायनॅमिक कंपनीचा ६०० ओहमचा ‘टी १’ (२००९) यांसारखी साधने नलिका विवर्धकांबरोबर विशेषत्वाने वापरली जाऊ लागली.

जुळणीचे तत्त्व : प्रत्येक विवर्धकाला स्वतःचा प्रदान संरोध असतो. तो व हेडफोनाचा संरोध एकसरीत असल्याने संकेताचा दाब दोहोंत विभागला जातो. हेडफोनाचा संरोध सर्व कंप्रतांना समान असता, तर या विभागणीने केवळ आवाज थोडा कमी झाला असता. परंतु हलत्या वेटोळ्याच्या हेडफोनाचा संरोध पटलाच्या अनुस्पंदन कंप्रतेला, बहुधा १०० हर्ट्‌झच्या आसपास, बराच वाढतो. परिणामी त्या कंप्रतेला हेडफोनाच्या वाट्याला अधिक दाब येतो व मंद्र भाग फुगतो.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. विवर्धकाचा प्रदान संरोध १०० ओहम धरू. हेडफोनाचा संरोध सर्वसाधारणपणे ३०० व अनुस्पंदनाला ५०० ओहम असेल, तर दोन ठिकाणी अनुक्रमे ७५ व ८३ टक्के दाब हेडफोनाला मिळतो. हा फरक १ डेसिबेलहूनही कमी असून कानाला तो किंचित ऊब आल्यासारखा वाटतो. आता त्याच विवर्धकाला ३२ ओहमचा व अनुस्पंदनाला ६० ओहमपर्यंत जाणारा हेडफोन जोडल्यास ही मूल्ये सुमारे २४ व ३८ टक्के होतात. फरक जवळजवळ ४ डेसिबेल पडतो, मंद्र भाग ओबडधोबड होतो आणि तीन चतुर्थांश शक्ती विवर्धकातच वाया जाते. शिवाय कमी संरोधाच्या उद्गमाने पटलाच्या स्वैर कंपनाला जो विद्युत् अटकाव होतो, तोही येथे मिळत नाही. यावरूनच हेडफोनाचा संरोध विवर्धकाच्या प्रदान संरोधाच्या किमान आठपट असावा, असा व्यवहारातील संकेत रूढ झाला आहे. समतल चुंबकीय हेडफोनाचा संरोध मात्र सर्व कंप्रतांना जवळजवळ समान असल्याने त्याच्या बाबतीत स्वरसमतोल बिघडत नाही, फक्त शक्तीचा प्रश्न उरतो.

नलिका विवर्धकाचे या दृष्टीने तीन प्रकार पडतात. (१) रोहित्रविरहित : यात ‘६एएस७’ यासारखी मुळात दाबस्थिरीकरणासाठी तयार झालेली, सुमारे २८० ओहम इतक्या कमी अंतर्गत रोधाची जुळी त्रिप्रस्थ नलिका वापरतात. प्रदान ऋणाग्राकडून घेतल्यास एका त्रिप्रस्थाचा प्रदान संरोध सुमारे ९० ते १०० ओहम येतो. म्हणून हा प्रकार ३०० ते ६०० ओहमच्या हेडफोनांना अनुरूप व ३२ ओहमच्या हेडफोनांना प्रतिकूल आहे. (२) रोहित्रयुक्त : प्रदान रोहित्राच्या वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने संरोध बदलतो. ५,००० ओहमचे ३२ ओहम करण्यासाठी सुमारे १२·५ : १ हे गुणोत्तर लागते. दुय्यम वेटोळ्याला वेगवेगळी टोके काढल्यास एकच विवर्धक अनेक प्रकारच्या हेडफोनांना चालतो, पण चांगले रोहित्र हाच त्यातील सर्वांत खर्चिक भाग असतो. (३) मिश्र : यात दाबाचे विवर्धन नलिका करते व प्रवाह अर्धसंवाहक पुरवितो. प्रदान संरोध अत्यल्प ठेवता येत असल्याने कमी संरोधाच्या हेडफोनांना हा प्रकार सोयीचा असतो.

विपर्यास व श्रवणानुभव : नलिकेचा ध्वनी ‘उबदार’ वा ‘मुलायम’ असल्याचे वर्णन नेहमी केले जाते. त्याचे एक कारण वर पाहिलेला प्रदान संरोध हे होय. दुसरे कारण विपर्यासाच्या स्वरूपात आहे. एकेरी त्रिप्रस्थ विवर्धकात मूळ कंप्रतेच्या दुप्पट कंप्रतेचा, म्हणजे दुसरा हरात्मक प्रामुख्याने निर्माण होतो आणि पुढील हरात्मक झपाट्याने क्षीण होत जातात. मूळ स्वर षड्ज मानल्यास दुसरा हरात्मक म्हणजे वरच्या सप्तकाचा षड्ज, तिसरा म्हणजे त्याच्या वरचा पंचम आणि पाचवा म्हणजे गांधार होय. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, तो या हरात्मकामुळेच. दुसरा हरात्मक मूळ स्वराशी एकजीव होत असल्याने तो दोष न वाटता भरीवपणा वाटतो. सातव्या व त्यापुढील काही हरात्मकांचा स्वराशी असा मेळ बसत नाही, म्हणून ते अल्प प्रमाणातही खुपतात. तथापि हे एका स्वरापुरते खरे आहे. अनेक वाद्ये एकाच वेळी वाजत असताना त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्यांचे नवे स्वरही निर्माण होतात व ते संगीताशी सुसंवादी असतीलच असे नाही. म्हणून नलिकेचा विपर्यास नेहमी सुखद असतो, हे विधान अतिव्याप्त ठरते.

नलिकेत अर्धसंवाहकाला न साधणारा काही गूढ गुण आहे काय, याचे उद्‌बोधक उत्तर १९८५ मध्ये अमेरिकन अभियंते बॉब कार्व्हर यांच्या प्रयोगाने दिले. ‘स्टिरिओफाइल’ या मासिकाच्या संपादकांनी निवडलेल्या एका नामांकित नलिका विवर्धकाशी आपला स्वस्त ट्रँझिस्टर विवर्धक ध्वनीने तंतोतंत जुळवून दाखविण्याचे आव्हान त्यांनी स्वीकारले. दोहोंच्या प्रदानांतील फरक मोजून तो नगण्य होईपर्यंत त्यांनी आपल्या विवर्धकात फेरफार केले. त्यानंतर संपादकांना दोहोंतील भेद ओळखता आला नाही. यावरून नलिकेचा गुण प्रदान संरोध, कंप्रता प्रतिसाद व विपर्यास या मोजता येणाऱ्या गोष्टींतच असतो, असे दिसते. पण त्यावरून तो गुण खोटा ठरत नाही. तो कोठून येतो, एवढेच त्यामुळे कळते.

मर्यादा व दक्षता : ‘६एएस७’ या एका नलिकेचा तंतू तापविण्यासाठीच ६·३ व्होल्टला २·५ अँपिअर, म्हणजे सुमारे १६ वॉट शक्ती खर्च होते. कानाशी पोहोचणारी शक्ती मात्र मिलिवॉटांत असते. तंतूच्या प्रत्यावर्ती प्रवाहामुळे व सदोष गाळणीमुळे ५० व १०० हर्ट्‌झची घरघर येते. ध्वनिक्षेपकापासून काही मीटरवर ती लक्षात येत नाही, पण अतिसंवेदनशील हेडफोनातून शांत प्रसंगी ती त्रासदायक होते. नलिकेला धक्का लागल्यास तिची अंतर्गत अग्रे कंप पावून घंटेसारखा नादही उमटतो.

विवर्धकातील दाब बहुधा १०० ते ३०० व्होल्ट असतो व वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार राहू शकतो. रोहित्रविरहित प्रकारात हेडफोन आणि सुमारे शंभर व्होल्टांचा दाब यांच्यामध्ये एका प्रदान धारित्राचाच अडसर असतो. ते धारित्र निकामी झाल्यास हेडफोन जळतो आणि तो डोक्यावर असल्यास श्रोत्यालाही इजा होऊ शकते. म्हणून नलिका पुरेशा तापून दाब स्थिर झाल्यावरच हेडफोन जोडणे व जुनी धारित्रे वेळीच बदलणे आवश्यक असते. मुलायम ध्वनी मोठ्याने ऐकला जातो, हाही धोका आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी ८० डेसिबेल पातळीला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा २०१९ च्या मानकात धरली आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की हा अवधी निम्मा होतो.

नलिकांचा पुरवठा ही आणखी एक अडचण आहे. भारतात बंगळूर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६० नंतरच्या दशकात रेडिओसाठी लागणाऱ्या नलिकांचे उत्पादन केले होते. पश्चिम यूरोप व अमेरिका येथील मोठे कारखाने १९८० नंतरच्या काळात बंद होत गेले आणि उत्पादन मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत उरले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियातील नलिकांची निर्यात खंडित झाली, तेव्हा जगभरचा बाजार किती थोड्या कारखान्यांवर अवलंबून आहे हे दिसून आले. जुन्या, न वापरलेल्या नलिकांना त्यामुळे मोठी किंमत येते. त्यांच्या नावाने बनावट नलिका विकण्याचे प्रकारही घडतात.

मूल्यमापन : केवळ अचूकतेचा निकष लावल्यास आधुनिक अर्धसंवाहक विवर्धक अत्यल्प किंमतीत नलिकेपेक्षा कमी विपर्यास व कमी प्रदान संरोध देतो, हे निर्विवाद आहे. अचूक पुनरुत्पादन आवश्यक असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या परीक्षणासारख्या कामी त्यालाच अग्रक्रम द्यावा लागतो. नलिकेचे समर्थन श्रवणसुखाच्या भूमिकेवरून करता येते आणि ते तसे प्रामाणिकपणे केल्यास त्यात गैर काही नाही. मात्र ते सुख किंमतीने वा नावलौकिकाने मिळत नाही. ३०० ओहमच्या हेडफोनाशी समरस होणारा रोहित्रविरहित विवर्धक ३२ ओहमच्या हेडफोनाशी विसंवादी ठरतो, मग दोन्ही साधने कितीही उंची असोत. मुंबई केंद्राचा पहिला कार्यक्रम ऐकणाऱ्या श्रोत्याच्या कानावरील बेताचा हेडफोन त्याच्या नलिकेशी जितका जुळलेला होता, तितका आज विकत घेतलेला जोड जुळलेला असेलच असे नाही. त्यासाठी दोन्ही साधनांचे संरोध, संवेदनशीलता व प्रदान मंडलाचा प्रकार या तीन गोष्टी आधी पाहणे आणि त्यानंतर आपल्या कानांचा कौल घेणे, हाच क्रम योग्य होय.